मुलांना बोलतें करा

(तालुक्यांतील शिक्षक व पालक यांच्या सभेंत आम्हीं केलेलें भाषण. कांहीं मित्रांच्या आग्रहावरून येथें देत आहों.)



सुगीचे दिवस आहेत. हातचें काम टाकून तुम्ही आलांत, तेव्हां पाल्हाळ लावून तुमचा वेळ मोडण्याची आमची इच्छा नाहीं. शाळेंत मुलांना भाषण, वादविवाद व नाटक शिकवावें कीं नाहीं, एवढाच आजचा प्रश्न आहे. सभेला येतांना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं आम्हांला वाटेंत अडवून सांगितलें, "मास्तर, पोराला आधीं धड लिहा-वाचायला शिकवा, मग नाटकं करा." त्यांचें म्हणणें खोटें नाहीं; पण तें अर्धें आहे. राहिलेलें अर्धें सांगण्यासाठीं आम्ही उभे आहों.

आपल्यांतला कोणताही माणूस आठवडे बाजारांत बोकडाचा सौदा करतांना पाहा. काय त्याची जीभ चालते! दांत पाहतो, पाठ दाबतो, दहा खोडी काढतो आणि शेवटीं मनांत धरलेल्या किंमतीलाच बोकड घेऊन जातो. बांधावरच्या भांडणांत तर त्याला वकील लागत नाहीं. पण तोच माणूस तलाठ्याच्या कचेरींत शिरला कीं त्याच्या तोंडाला कुलूप. बाप जाऊन दोन वर्षें झालीं, सातबारावर वारसाची नोंद लागली नाहीं, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. अर्ज केव्हां दिला, तो कोणीं घेतला, हेंही ठाऊक असतें. परंतु आधीं काय सांगावें, मागून काय सांगावें, आणि समोरचा "उद्यां या" म्हणाला तर पुढचा प्रश्न कोणता विचारावा, हें त्याला कोणीं शिकविलेलेंच नाहीं. मग तो आपल्या वतीनें बोलणारा एखादा माणूस गांठतो, त्याला चहा पाजतो, वर पैसे देतो. म्हातारीं माणसें म्हणतात, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहींत. आपले गहू असे पडून राहिले आहेत.

कोणी म्हणेल, चार बुकें शिकला कीं माणूस आपोआप बोलेल. तसें होत नाहीं. आमच्या हाताखालून जाऊन पुढें पदवीपर्यंत शिकलेलीं मुलें गांवांत आहेत. ग्रामसभेंत तीं भिंतीला टेकून मोबाईल पाहत बसतात. अक्षर हातांत आलें म्हणून तोंड उघडतें असें नाहीं; तोंडालाही शिक्षण द्यावें लागतें.

ज्यांनीं आपल्याला शाळेचा रस्ता दाखविला त्यांना हें पुरतें ठाऊक होतें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, हें आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. परंतु त्यानंतर सातच वर्षांनीं, १८५५ सालीं, जोतीरावांनीं एक नाटक लिहिलें, हें किती जणांना ठाऊक आहे? त्याचें नांव 'तृतीय रत्न'. शाळा चालविणाऱ्या माणसाला नाटक लिहिण्याची गरज कां भासली? त्याची हकीकत ऐका म्हणजे कळेल. एका कुणब्याची बायको गरोदर आहे. दारीं जोशी येतो, तिला ग्रहांची भीति घालतो आणि शांतीच्या नांवाखालीं त्या भोळ्या नवरा-बायकोला ऐपतीबाहेर खर्च करावयास लावतो. मधून मधून एक विदूषक येतो आणि जें प्रेक्षकांच्या मनांत यावें तें बोलून दाखवितो. पुढें एक पाद्री भेटतो, वाद होतो, कुणब्याचे डोळे उघडतात. आणि शेवटीं नवरा-बायको दोघेंही जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेंत जाण्याचें ठरवितात.

ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्यापुढें पुस्तक ठेवून काय उपयोग? त्याचेंच घर त्याला समोर उभें करून दाखविलें, त्याच्याच तोंडचे प्रश्न कोणीतरी मोठ्यानें विचारले, म्हणजे तो आपल्या पायांनीं शाळेंत येईल, असा तो हिशेब होता. जोतीरावांनीं हें नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलें. कमिटीनें तें नाकारलें. तें छापून लोकांपुढें आलें १९७९ सालीं! म्हणजे एकशें चोवीस वर्षें तें बस्त्यांत पडून होतें.

त्याच १८५५ सालीं त्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. मांग-महारांच्या दुःखाविषयीं तिनें लिहिलें आणि आमचा धर्म तरी कोणता, असें थेट देवालाच विचारलें. एवढें धैर्य पोरीला नुसत्या बाराखडीनें आलें नसेल. तिला विचारूं देणारे गुरु मिळाले होते.

आणखी एक प्रसंग सांगतों. १८८८ सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या मानाखातर मेजवानी होती. बडी मंडळी दागदागिने घालून आली. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषांत गेले आणि उठून बोलले. या श्रीमंतांवरून हिंदुस्थानची रयत ओळखूं नका, खरी रयत खेड्यांत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा मतलब होता. नुसता वेष करून ते गप्प बसते तर लोक हंसले असते. नुसतें भाषण करते तर विसरले असते. दोन्ही एकत्र झालीं म्हणून आज सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं आम्ही तुम्हांला तें सांगत आहों.

पुढें सत्यशोधक जलसे गांवोगांव फिरले. सांगाडा तमाशाचाच, गण, गवळण, वग. पण गणांत निर्मिकाचें स्तवन, आणि वगांत भटजी व सावकार यांच्याशीं शेतकऱ्याचे सवाल-जवाब. आंबेडकरी जलशांनीं हीच वाट पुढें नेली. वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे शाळेंत जेमतेम दीड दिवस गेले, पण १९४४ सालीं लाल बावटा कलापथक उभें करून त्यांनीं आपल्या लोकनाट्यांनीं मुंबईचा कामगार हलविला. शाळेवांचून चालतें असें आम्ही म्हणत नाहीं. अण्णा भाऊ लाखांत एक. आपलीं मुलें चारचौघांसारखीं आहेत, म्हणून त्यांना तर शाळेंतच हें मिळालें पाहिजे.

मात्र मोठ्यानें ओरडणें म्हणजे बोलणें नव्हे. १९२५ सालीं निघालेल्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे वगैरे मंडळींवर खटला झाला आणि खालच्या कोर्टानें त्यांना शिक्षा दिली. अपिलांत १९२६ सालीं बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले आणि मंडळी सुटली. जवळकरांच्या तोंडांत आग होती, तिची गरज होतीच. परंतु कोर्टांत आग चालत नाहीं, तेथें मुद्दा लागतो. दोन्ही शिकलेला माणूस आपल्याला हवा.

आतां एक कडू गोष्ट. त्या काळीं बोलण्याची मक्तेदारी भटजीकडे होती, असें आपण म्हणतों आणि तें खरें आहे. आज व्यासपीठावर कोण आहे? आपलेच भाऊबंद आहेत. आपल्याच जातीचे, आपल्याच आडनांवाचे पुढारी दोन दोन तास बोलतात आणि आपण खालीं बसून टाळ्या वाजवितों. बोलणारा बदलला, ऐकणारा अजून मुकाच आहे. उलट आपला पुढारी म्हणून त्याला प्रश्न विचारण्याची आतां जास्त चोरी! तेव्हां गांवांत वक्ते किती, हें आम्ही मोजत नाहीं. भाषण संपल्यावर उठून "एक विचारूं का?" म्हणणारे किती, हें मोजतों.

तर हें शाळेंत करावें कसें? येथें आमची चूक प्रथम सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं २६ जानेवारीसाठीं आम्हीं एका कुंभाराच्या मुलाला भाषण लिहून दिलें. भाषण कसलें, मोठमोठ्या शब्दांची गोधडी! पोरानें पंधरा दिवस घोकलें. त्या दिवशीं चौथ्या वाक्याला तो अडला. वर पाहिलें, खालीं पाहिलें. आम्ही मागून शब्द पुरवीत होतों, तो त्याला ऐकूं येईना. माणसें हंसलीं. पोरगा ओट्यावरून उडी मारून जो पळाला तो आठ दिवस शाळेंत फिरकला नाहीं.

नवव्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. बाप बाहेरगांवीं गेला होता आणि हा दारांत एका बाईला माठ दाखवीत होता. माठावर टिचकी मारी आणि म्हणे, "मावशी, आवाज ऐका. असा खणखणीत वाजला म्हंजे नीट भाजलाय. ह्यो दुसरा बद्द वाजतो, ह्याला कुठंतरी चीर हाय, ह्यो घेऊं नका." बाईनें विचारलें, "गेल्या सालचा माठ पाणी गार करीना, तो कां रे?" पोरानें सांगितलें, माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतें, बाहेर आलेलें पाणी वाऱ्यानें उडतें आणि जातांना आंतली ऊब नेतें, तुमच्या विहिरीचें पाणी खारट, त्या क्षारानें बारीक भोकें बुजलीं असतील. आम्ही अंगणांत उभे राहून ऐकत होतों. ज्याला आम्हीं चारचौघांत मुका ठरविला तो आमच्यापेक्षां चांगला पाठ देत होता.

पुढच्या शनिवारीं त्याला सांगितलें, कागद नको, तीन मडकीं घेऊन ये. माती कोठून आणतात, तिच्यांत राख व लीद कां मिसळतात, आवा कसा रचतात, हें तो दहा मिनिटें बोलला. अडखळला तेव्हां मडकें हातांत घेई, कीं पुढचें सुचे. शेवटीं म्हणाला, "आवा पेटल्यावर पाऊस आला, तर त्या महिन्यांत आमच्या घरांत कोणी कोणाशीं बोलत नाहीं." वर्ग अगदीं गप्प झाला.

त्या दिवसापासून आमच्या शाळेंत पहिलें वर्षभर कागद बंद. मुलानें आपल्या घरांत, आपल्या हातांखालून जें जातें त्यावर बोलावें. लोहाराच्या मुलानें विळ्याला पाणी कसें देतात तें सांगितलें, धनगराच्या मुलानें पाऊस येणार हें मेंढरांवरून कसें ओळखावें तें सांगितलें. एक शेतमजुराची मुलगी मात्र उठेचना. "आमच्या घरांत सांगण्यासारखं काय हाय गुरुजी?" आम्हीं विचारलें, तुझी आई दिवसाला किती पाती खुरपते? मग ती उठली. किती पाती, ऊन किती, मध्यें पाणी प्यायला किती लांब जावें लागतें, मजुरी किती आणि ती कोणत्या दिवशीं हातांत पडते, सगळें बोलली. त्या वर्गांत जिच्या रानांत तिची आई जात होती तिचा मुलगाही बसला होता. त्यानें मान खालीं घातली होती.

दुसऱ्या वर्षापासून वाद. सहावी-सातवीच्या मुलांना आम्हीं 'ऊस लावावा कीं ज्वारी' हा विषय दिला. ज्याच्या घरीं ऊस त्यानें ज्वारीची बाजू घ्यावी, ज्याच्या घरीं ज्वारी त्यानें उसाची. पोरें कुरकुरलीं, पण कामाला लागलीं. कोणी आजोबांना विचारलें, कोणी कृषि सहायकाला गांठलें. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानांत उभा राहतो, रब्बी ज्वारी चार महिन्यांत निघते आणि वर कडबा देते, हें उसाच्या घरचा पोरगा ठणकावून सांगूं लागला. समोरची मुलगी म्हणाली, कडब्यानें पोरीचें लग्न होत नाहीं, कारखान्याच्या बिलानें होतें! टाळ्या तिलाच पडल्या, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाही तात्काळ उत्तर सुचलें नाहीं.

या वादाला आमचा एकच कडक नियम आहे. उत्तर देण्यापूर्वीं समोरच्याचें म्हणणें आपल्या तोंडानें सांगावयाचें. तो जोंपर्यंत "होय, हेंच मीं म्हटलें" असें म्हणत नाहीं, तोंपर्यंत पुढें जावयाचें नाहीं. आरंभीं मुलांना हें जड गेलें. आपल्याला सवय काय, कीं समोरचा बोलत असतांना आपण त्याला हाणावयाचा दगड शोधीत असतों. बांधावरचीं निम्मीं भांडणें या एका नियमानें मिटतील. मोठ्या माणसांवर तो लावून पाहण्याचें धाडस मात्र आम्हीं अद्याप केलेलें नाहीं.

या वादानंतर एका मुलाचा बाप रागानें शाळेंत आला. "पोरगं जेवतांना मला इचारतंय, उसाचं पैसं चौदा दिवसांत द्यायचा १९६६ चा आदेश हाय, आपलं किती दिवसांनीं आलं? हे धंदे शिकवायला पाठवलंय का?" आम्ही म्हटलें, "दादा, पोरगा खोटें बोलला काय?" तो गप्प बसला. पाणी प्याला. जातांना दारांतून वळून म्हणाला, "त्यो आदेश कुठं वाचायला मिळंल?"

नाटकाचेंही असेंच. पाठ केलेलें नाटक आम्ही करीत नाहीं. मुलें आपण होऊन रचतात. एकदां त्यांनीं कांदा बाजाराचें नाटक केलें. नांव ठेवलें 'पट्टी'. एका शेतकऱ्याचा मुलगा अडत्या झाला. गोड बोलून हमाली, तोलाई, कडता असें एकेक कापून शेवटीं शेतकऱ्याच्या हातावर उरलेले पैसे ठेवतांना त्यानें जो नमस्कार केला, तो पाहून मंडळी हंसून लोटपोट झाली. पण महत्त्वाचें पुढें घडलें. तोच पोरगा मामाबरोबर खऱ्या बाजारांत गेला आणि पट्टी हातांत पडतांच म्हणाला, "मामा, हा कडता कसला धरलाय तें विचार." ज्यानें अडत्याचें सोंग घेतलें त्याला अडत्याची जीभ कळते.

सोंगाचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या मतें तो सर्वांत मोठा. मोठ्या वाड्यांतल्या मुलाला आम्हीं मजूर केला. मजुरी मागावयास तो दारांत उभा राहिला, आणि मालक झालेल्या मुलानें आंत जेवण चालल्याचें सोंग करून त्याला बराच वेळ ताटकळत ठेवला. कोणीं शिकविलें नव्हतें, पाहिलेलें होतें! नाटक संपल्यावर वाड्यांतल्या मुलानें आम्हांला हळूच विचारलें, "गुरुजी, खरंच इतका वेळ उभं करतात?" समतेवर आम्हीं दिलेले दहा पाठ त्या एका प्रश्नाला पुरे पडले नसते.

मुलींविषयीं बोलल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रांत २०११ सालीं त्या निम्म्या झाल्या. जागा मिळाल्या, पण कित्येक गांवीं खुर्चीवर बाई आणि बोलणारा तिचा नवरा! आमच्या मुलींनीं याचेंच नाटक केलें. सरपंचबाई झालेली मुलगी तोंड उघडी, कीं नवरा झालेला मुलगा "म्याडमचं म्हणणं असं हाय" म्हणून पुढें होई. बायका पदर तोंडाला लावून हंसत होत्या. पुरुष जरा कमी हंसले. त्यानंतरच्या महिला ग्रामसभेंत एका मुलीची आई उभी राहिली आणि नळाच्या पाण्याविषयीं पांच वाक्यें बोलली. आदल्या रात्रीं मुलीनें तीं तिच्याकडून तीनदां म्हणवून घेतलीं होतीं. यानें पाणी धो धो सुटलें असें सांगून आम्ही तुम्हांला फसविणार नाहीं. त्या वस्तीला आजही दिवसाआडच पाणी येतें. पण तो प्रश्न इतिवृत्तांत लिहिला गेला, आणि पुढच्या सभेंत ग्रामसेवकांना त्याचें उत्तर द्यावें लागलें.

कोणी म्हणतात, अशानें पोरें उलटून बोलूं लागतात. बोलतात खरीं. उलटून बोलणें आणि कारण विचारणें यांत अंतर आहे, तेंच तर शिकवावयाचें आहे. दुसरे म्हणतात, गॅदरिंग होतें कीं दरवर्षीं! होतें, भाड्याचे कपडे आणून, सिनेमाचें गाणें लावून, त्यावर पोरें ओठ हलवितात. त्यांत मुलांचा स्वतःचा एक शब्द नसतो. त्या एका रात्रीच्या खर्चांत वर्षभराच्या बालसभा होतील, कारण बालसभेला खर्चच नाहीं. शनिवारची सकाळ, एक घोंगडी आणि ऐकून घेणारीं चार मोठीं माणसें, बस्स.

हीं चार माणसें तुम्हीं द्यावयाचीं आहेत. शिक्षण हक्क कायद्यानें, २००९ च्या, शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश पालक ठेवले आहेत आणि निम्म्या स्त्रिया. समितीच्या बैठकीला येऊन कोऱ्या जागीं सही करून जाऊं नका. आपल्या शाळेंत शनिवारीं बालसभा होते काय, एवढें तरी विचारा.

आमच्या शाळेंत येत्या शनिवारीं 'बैल कीं ट्रॅक्टर' हा वाद ठेवला आहे. ज्यांच्या गोठ्यांत बैल आहेत त्यांच्या मुलांना ट्रॅक्टरची बाजू दिली आहे. तीं पोरें डिझेलचा आणि नांगरटीचा हिशेब विचारावयास तुमच्याकडे येतील, कदाचित् ऐन कामाच्या वेळीं येतील. त्यांना हांकलूं नका. आणि सुताराच्या पोरानें आम्हांला विचारलें आहे, "गुरुजी, बैलं गेल्यावर माझ्या बापानं कुणाची औतं भरायची, हें कोणच्या बाजूत सांगूं?" आम्हीं त्याला सांगितलें आहे, दोन्ही बाजूंचें झाल्यावर तूं एकटा उठ.